अफूची गोळी आणि हरवलेली झोप

पश्चिम आफ्रिकेतील बाजारांत नशेसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्या भारतात तयार होतात, हे बीबीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये उघडकीस आणले, तेव्हा केंद्र सरकारला तातडीने पाऊल उचलावे लागले. मुंबईतील एका औषध कंपनीच्या त्या गोळ्यांत टॅपेंटाडोल हे अफूवर्गीय वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडोल हे स्नायू सैल करणारे, गुंगी आणणारे औषध एकत्र केलेले होते. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांत त्या पोचत होत्या. या मिश्रणाचे उत्पादन व निर्यात यांचे परवाने मागे घेण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरून आतल्या पानावर व तेथून विस्मृतीत गेले. देशाची नाचक्की व्हायची ती झालीच. परंतु त्या गोळीने उभा केलेला मूळ प्रश्न बंदीच्या हुकुमाने सुटलेला नाही. वेदना मारणारे औषध आणि गुंगी आणणारे औषध एकाच गोळीत घालण्याची बुद्धी कोणाला का व्हावी? गिऱ्हाइकाला दोन्ही हवे असते म्हणून! नशेबाजाची गोष्ट वेगळी; पण ज्याचे अंग खरोखरच दुखते आहे, त्या प्रामाणिक रुग्णालाही वेदनेपासून सुटका आणि रात्रीची झोप या दोन गोष्टी एकदमच हव्या असतात.

जुनाट दुखण्याचा माणूस दिवस कसाबसा काढतो. कामाच्या धबडग्यात, माणसांच्या येण्याजाण्यात दुखण्याकडे थोडे दुर्लक्ष होते. रात्र मात्र वैऱ्याची असते. कंबरेचे दुखणे, संधिवात, मधुमेहाने झालेला पायांचा दाह, कर्करोगाच्या हाडापर्यंत पोचलेल्या कळा, या सर्वांचा अंमल दिवे मालवल्यावर वाढतो. अशा माणसाला डॉक्टरने ट्रॅमाडोल, कोडीन वा मॉर्फिन दिले आणि त्याचा डोळा लागला, तर घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. ‘आज झोपले एकदाचे’, असे म्हणून दिवा मालवतात. परंतु ही झोप खरोखर झोप असते काय, आणि ती सर्वांना सारखीच लाभते काय? गेल्या दोन-तीन दशकांत वैद्यकशास्त्राने या दोन प्रश्नांची जी उत्तरे शोधली आहेत, ती डॉक्टरांपुरती मर्यादित राहू नयेत. ज्या घरात जुनाट दुखण्याचा रुग्ण आहे, त्या प्रत्येक घरापर्यंत ती पोचली पाहिजेत.

अफू म्हणजे झोप, ही समजूत फार जुनी आहे. जर्मन औषधतज्ज्ञ सेर्ट्युर्नर याने अफूतील मुख्य द्रव्य वेगळे काढले आणि 1817 साली आपला निबंध प्रसिद्ध करताना ग्रीक पुराणातील स्वप्नदेवता मॉर्फियस हिच्यावरून त्या द्रव्याचे नाव ठेवले. तेच आजचे मॉर्फिन. त्याच्याही अडीचशे वर्षे आधी, 1563 साली, आपल्या गोव्यातच छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधीविषयक संवादग्रंथात अफूला स्वतंत्र प्रकरण आहे. आणि ग्रंथांकडे तरी कशाला जायचे? मूल रडू नये, निजून राहावे आणि आईला कामावर जाता यावे, म्हणून अफूचा अंश असलेली बाळगोळी चाटवण्याची चाल मुंबईच्या गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत एके काळी सर्रास होती. मूल निजे, हे खरे. पण त्या निजेतून काही मुले उठलीच नाहीत, हेही तितकेच खरे. गुंगी आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या पिढीला अशा दुःखद रीतीने मिळाला होता. आजचे शास्त्र तेच मोजमापानिशी सांगत आहे.

झोप ही एकसंध अवस्था नव्हे. रात्रभरात मनुष्य हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप अशा फेऱ्यांतून अनेकदा जातो. शरीराची झीज भरून काढण्याचे काम मुख्यतः गाढ झोपेत होते. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वेदनेचा कोणताही विकार नसलेल्या निरोगी माणसांना मॉर्फिन वा मेथाडोन यांची एकच मात्रा देऊन त्यांची झोप यंत्रांनी तपासण्यात आली. झोपेचे एकूण तास जवळजवळ तेवढेच राहिले. परंतु गाढ झोप 30 ते 50 टक्क्यांनी घटली आणि तिची जागा हलक्या झोपेने घेतली. म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने रात्र पुरी झाली, शरीराच्या हिशेबाने ती अपुरीच राहिली. सकाळी उठल्यावर ‘झोप झाली, पण ताजेतवाने वाटत नाही’ अशी जी तक्रार असे रुग्ण करतात, तिला कुरकुर समजून उडवून लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

याहून गंभीर गोष्ट आहे ती श्वासाची. मेंदूच्या देठात, मानेच्या वर, श्वासोच्छ्वासाचा ताल धरणारा पेशींचा एक छोटा समूह आहे. आपण जागे असतो तेव्हा मेंदूचे इतर भागही श्वासाला हात देतात. झोपेत मात्र भिस्त बव्हंशी या समूहावरच असते. अफूवर्गीय द्रव्ये ज्या ग्राहींना चिकटून वेदना शमवतात, तेच ग्राही या पेशींवरही आहेत. त्यामुळे औषधाने वेदना दबते तसा श्वासाचा तालही दबतो. दहा-दहा सेकंद, कधी त्याहून अधिक काळ, श्वास घेण्याची आज्ञाच मेंदूकडून सुटत नाही. स्थूल माणसाचा घसा आक्रसून श्वास अडतो तो प्रकार निराळा. त्यात मनुष्य घोरतो, धडपडतो, घरातल्यांना ते ऐकू येते. येथे मात्र सारे शांत असते. घोरणे कानावर पडते. न घेतलेला श्वास कोणाच्या कानावर पडणार? दीर्घकाळ अफूवर्गीय औषधे घेणाऱ्या रुग्णांविषयीच्या अभ्यासांचा 2015 साली जो आढावा घेण्यात आला, त्यात सुमारे 24 टक्क्यांत हा मेंदूतून उद्भवणारा श्वासरोध आढळला. मात्रा जितकी मोठी तितका धोका अधिक. सोबत झोपेच्या वा चिंता घालवणाऱ्या गोळ्या असतील तर आणखी अधिक. आणि विशेष म्हणजे सडपातळ माणसेही यातून सुटत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 साली अफूवर्गीय औषधे आणि बेंझोडायझेपिन वर्गातील गोळ्या एकत्र घेण्याविरुद्ध सर्वांत कडक प्रतीचा इशारा वेष्टनावर छापायला लावला, तो उगाच नव्हे. ज्या गोळीने आफ्रिकेत आपली बदनामी केली, तिचा दोषही जातीने हाच होता.

आता या दुष्टचक्राचा दुसरा अर्धा भाग पाहू. वेदनेने झोप उडते हे कोणीही सांगेल. झोप उडाल्याने वेदना वाढते, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही. निरोगी स्त्रियांना रात्रीतून पुनःपुन्हा जागे केले असता वेदना आतल्या आत दाबून धरण्याची शरीराची स्वाभाविक शक्ती ढासळते, असे 2007 सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात दिसले. या दोहोंवर पुढे झालेल्या अभ्यासांचा झोकही असाच आहे, की आजच्या वेदनेवरून उद्याच्या झोपेचा जितका अंदाज येतो, त्याहून अधिक नेमका अंदाज आजच्या झोपेवरून उद्याच्या वेदनेचा येतो. तेव्हा क्रम असा होतो: दुखते म्हणून गोळी, गोळीने गाढ झोप तुटते, झोप तुटल्याने दुखणे अधिक जाणवते, दुखणे जाणवते म्हणून गोळीची मात्रा वाढते. त्यात भर म्हणजे दीर्घकाळच्या सेवनाने काही रुग्णांत वेदनेची संवेदनाच तीव्र होते. रुग्णाला वाटते आजार बळावला. डॉक्टरला वाटते औषध कमी पडले. आणि दोघेही आगीतून फुफाट्यात जातात.

परंतु हे सर्वांच्याच बाबतीत सारखे घडत नाही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे आपल्याकडे म्हणतात. जनुकशास्त्राने त्या म्हणीला प्रयोगशाळेचा आधार दिला आहे. कोडीनचेच उदाहरण घ्या. कोडीन स्वतः फारसे काही करत नाही. यकृतातील सीवायपी 2डी6 नावाचे विकर त्याचे मॉर्फिनमध्ये रूपांतर करते, तेव्हा कोठे वेदना शमते. ट्रॅमाडोलचीही बरीचशी गोष्ट तीच. हे विकर घडवणारे जनुक मात्र सर्वांकडे सारखे नसते. यूरोपीय वंशाच्या लोकांपैकी 5 ते 10 टक्के लोकांत ते जवळजवळ निकामी असते. त्यांना कोडीन म्हणजे साखरेची गोळी. उलट काहींच्या अंगी या जनुकाच्या जादा प्रती असतात; त्यांच्या शरीरात त्याच मात्रेपासून बघता बघता भरमसाट मॉर्फिन तयार होते. उत्तर यूरोपात अशी माणसे शंभरांत एखाददुसरी, तर इथिओपियात सुमारे 29 टक्के आढळली आहेत. एकाच बाटलीतली एकच गोळी एकाला निरुपयोगी आणि दुसऱ्याला घातक ठरावी, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते हवे?

जनुक, झोप आणि अफू हे तिन्ही धागे एकत्र आले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हे उत्तर अमेरिकेतील काही कोवळ्या मुलांच्या मृत्यूंनी दाखवून दिले. वाढलेल्या टॉन्सिलमुळे झोपेत श्वास अडतो, म्हणून या मुलांवर शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या दुखण्यासाठी रिवाजाप्रमाणे कोडीन देण्यात आले, तेही नेहमीच्याच मात्रेत. डॉक्टरांचा हलगर्जीपणा नव्हता की आईबापांची चूक नव्हती. परंतु त्यांतील काही मुले कोडीनचे झपाट्याने मॉर्फिन करणाऱ्या प्रकृतीची होती. आणि झोपेतला त्यांचा श्वास आधीच दुबळा होता. मुले निजली ती कायमची. 2012 साली ही प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत आली, 2013 साली अमेरिकी प्रशासनाने टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा दिला, आणि 2017 साली बारा वर्षांखालील मुलांसाठी वेदनाशामक म्हणून कोडीन व ट्रॅमाडोल दोन्ही वर्ज्य ठरवली.

प्रौढांच्या बाबतीतही आनुवंशिकतेचा वाटा आहेच. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी जुळ्या भावंडांना अफूवर्गीय औषध देऊन जे निष्कर्ष 2012 साली मांडले, त्यांनुसार या औषधाने श्वास किती मंदावतो यातील माणसामाणसांतला सुमारे 30 टक्के फरक आनुवंशिक आहे. मळमळीच्या बाबतीत तर तो 59 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे ‘मला हे औषध लागूच पडत नाही’ किंवा ‘मला ते सोसवत नाही’ म्हणणारा रुग्ण नेहमीच नाटकी वा नशेचा भुकेला असतो, असे समजण्याला आधार राहिलेला नाही. आमच्या मते या शास्त्राचा सर्वांत मोठा उपकार हाच आहे. त्याने रुग्णाच्या शब्दाला पत मिळवून दिली आहे. औषध कमी पडते म्हणून पुनःपुन्हा दारात येणाऱ्या किती माणसांना आजवर संशयाने पाहिले गेले असेल आणि त्यांच्या यकृतातले एक विकर जन्मतःच अबोल असल्याचे कोणाच्या ध्यानीमनीही आले नसेल!

मात्र येथेच एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. जनुकांच्या नावाने आता बाजार भरू लागला आहे. थुंकीचा नमुना पाठवा, कोणते औषध लागू पडेल ते आम्ही सांगतो, अशा जाहिरातींना सुशिक्षित माणूसही भुलतो. वस्तुस्थिती एवढी सरळ नाही. यूरोपातील 11 देशांतल्या 2,294 कर्करोगग्रस्त रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. वेदनेशी संबंधित मानलेल्या 25 जनुकांतील 112 फरक त्यात तपासले गेले. पण कोणाला किती मात्रा लागेल हे सांगणारा एकही फरक त्यांत कसोटीला उतरला नाही. ज्या ग्राहीला मॉर्फिन चिकटते, त्याच्या जनुकातील एक बहुचर्चित फरक यूरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत कितीतरी अधिक आढळतो; पण औषधयोजना त्यावरून बदलावी इतका पुरावा नाही, असेच या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या तज्ज्ञांनी म्हटले आहे. कोडीन व ट्रॅमाडोल यांच्यापुरती यकृताच्या त्या विकराची चाचणी उपयोगी आहे. तिच्या पलीकडची भाकिते ही बव्हंशी ज्योतिषाच्या जवळची आहेत. जनुकशास्त्राचे खरे फळ वेगळ्या वाटेने येत आहे. पाकिस्तानातील काही कुटुंबांत वेदनाच न जाणवणारी मुले जन्माला येतात. त्यांच्या मज्जातंतूंतील एक सोडियम-मार्ग जनुकदोषामुळे बंद असतो, हे 2006 साली कळले. त्याच कुळातील दुसरा मार्ग बंद करणाऱ्या, अफूशी संबंध नसलेल्या एका वेदनाशामकाला अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये मान्यता मिळाली. ती तूर्त अल्पकालीन वेदनेपुरती आहे. परंतु दिशा आशादायक आहे.

मग या सर्व ज्ञानाचा बोध कोणता? अफूवर्गीय औषधे सरसकट हद्दपार करावीत हा? तसा बोध घेणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर ठरेल. अमेरिकेने दोन्ही टोके गाठून पाहिली आहेत. इस्पितळातील रुग्णांना व्यसन क्वचितच लागते, असे सांगणारे पाच वाक्यांचे एक पत्र 1980 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आले होते; त्याचा हवाला देत देत पुढे घरोघरी ही औषधे वाटली गेली. 1996 पासून ऑक्सिकोडोनच्या एका गोळीचा अवास्तव प्रचार करणाऱ्या कंपनीने 2007 व 2020 साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. 1999 ते 2021 या काळात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने त्या देशात सुमारे 6 लाख 45 हजार माणसे दगावली. मग लंबक दुसरीकडे गेला. 2016 च्या सरकारी मार्गदर्शिकेचा शब्दशः अर्थ लावून अनेक डॉक्टरांनी खऱ्या रुग्णांचीही औषधे एकाएकी तोडली, त्यांचे हाल झाले, आणि 2022 साली तीच मार्गदर्शिका सौम्य करावी लागली.

आपल्याकडे तर दोन्ही टोके एकाच वेळी नांदत आहेत. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले, की पुढील बारा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच व गाझीपूर येथे तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने आहेत. आणि तरीही ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2017 साली दाखवून दिले, की भारतातील रुग्णांच्या गरजेच्या जेमतेम चार टक्के औषध त्यांच्यापर्यंत पोचते. डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी केरळात उभी केलेली वेदनाशमनाची चळवळ, वांद्र्याला 1986 साली सुरू झालेले आणि पुढे गोव्यातही आलेले ‘शांती अवेदना’, 2014 साली झालेली कायद्यातील दुरुस्ती, हे सारे स्वागतार्हच. परंतु अद्यापही कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील मनुष्य मॉर्फिनवाचून तळमळतो. दुसरीकडे कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि झोपेच्या गोळ्या चिठ्ठीवाचून मिळवणारे महाभाग गावोगाव आहेत. ट्रॅमाडोलवर 2018 साली नियंत्रण आले, ते गैरवापर बोकाळल्यानंतर. ज्याला हवे त्याला मिळत नाही आणि ज्याला नको त्याला सहज मिळते, हा कारभार कोणाच्या भूषणाचा आहे?

यातून वाट काढण्यासाठी फार मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. अफूवर्गीय औषध लिहून देण्यापूर्वी डॉक्टरने रुग्णाला चार प्रश्न विचारावेत: झोप कशी लागते? झोपेत श्वास थांबल्याचे घरात कोणी पाहिले आहे काय? दुसऱ्या डॉक्टरकडून झोपेची वा चिंतेची गोळी, किंवा संध्याकाळचा एखादा पेला, चालू आहे काय? आणि आईवडील, भावंडे यांपैकी कोणाला अशा औषधाने काहीच गुण आला नाही, किंवा भलतीच गुंगी आली, असे घडले आहे काय? हा शेवटचा प्रश्न म्हणजे पैसा न लागणारी जनुकपरीक्षाच होय. तिचे उत्तर निर्णायक नसले तरी सावध निश्चित करते. तीन पिढ्यांची नाडी ठाऊक असलेला कुटुंबाचा डॉक्टर हे सारे न विचारता जाणत असे. आता प्रत्येक अवयवाला वेगळा तज्ज्ञ आहे, म्हणून ते मुद्दाम विचारावे लागेल. निद्रानाशावर गोळ्यांऐवजी झोपेच्या सवयी व विचार यांना वळण लावणारी उपचारपद्धती प्रथम वापरावी, असे अमेरिकेतील चिकित्सकांच्या प्रमुख संस्थेने 2016 सालीच सांगितले आहे. ती आपल्या रुग्णालयांत का नसावी? आणि बांबोळीसारख्या शासकीय रुग्णालयांतून वेदनाशमन विभाग व झोपेची तपासणी हातात हात घालून चालली, तर त्याचा लाभ सर्वांत आधी गरिबाला होईल. मात्र एक गोष्ट रुग्णांनीही ध्यानात ठेवावी. चालू औषध भीतीपोटी एकाएकी बंद करणे हे धोक्याचे आहे. मात्रा कमी करायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनेच.

वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला औषध नाकारणे ही निर्दयता आहे, आणि त्याच्या झोपेची विचारपूस न करता औषध देत राहणे ही बेपर्वाई आहे. या दोहोंच्या मधला मार्ग कायद्याच्या कलमांत नाही आणि जनुकांच्या अहवालातही नाही. तो रुग्णाजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकून घेण्यात आहे. औषधांच्या दुकानांवर लक्ष ठेवणे हे सरकारचे काम आहे, आणि ते त्याने केलेच पाहिजे. परंतु घरातला मनुष्य गोळी घेऊन निजला असताना त्याचा श्वास संथ व अखंड चालला आहे ना, हे पाहणारे डोळे घरातच असावे लागतात.